चेकरचं वेळापत्रक

३ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या गोकुळचा काळ्या कुत्रा गेला. काल संध्याकाळी सातला अंगणात होता, सव्वासातला नव्हता. बिबट्यानं पट्ट्यासकट नेला. खिळ्यांचा पट्टा होता, मुद्दाम जुन्नरहून करून आणलेला! आज बांधावर गोकुळ भेटला, तर काळ्यापेक्षा पट्ट्याचंच दुःख जास्त करत होता. "नवा व्हता वो पट्टा, कंट्रोलर."

ऊसतोड सुरू झाली की हे दरवर्षीचं. ऊस गेला की बिबटे उघड्यावर येतात, आणि उघड्यावर आमची वस्ती. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरून गेली — संध्याकाळी सहा ते सकाळी सात कुणी बाहेर पडू नये. माणसांनी नाही, जनावरांनी नाही. अमृतनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, लगेच फर्मान काढलं: चेकर आजपासून घरात.

चेकर म्हणजे आमचा कुत्रा. वय पाच, रंग तांबडा, एक कान कायमचा पडलेला. नाव मी ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीला नाक लावल्याशिवाय पुढं सोडत नाही. तेहतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बारा मंचर स्टँडवर कंट्रोलर म्हणून. चेकर ओळखायला मला वेळ लागत नाही.

कुशानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, कपाळाला हात लावला. "कुत्रं घरात? मंग देव कुठं ठिवू? गोठ्यात?"

म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच आहे. पण हे मी बोललो नाही.

४ नोव्हेंबर

पहिल्याच सकाळी सलामी! देवघराच्या उंबऱ्यापाशी हे एवढं तळं. आणि साहेब बाजूला बसून शेपूट आपटतायत, बक्षीस मिळणार असल्यासारखे.

सूनबाईंना, वृषालीला, फार वाईट वाटलं. पिल्लू असताना तिनंच त्याला शिकवलं होतं. पाच वर्षांत पडवीतसुद्धा एकदा केलं नाही यानं. बांधावर जायचं, बाभळीपाशी पाय वर करायचा, विषय संपला. आता एवढा घोडा झाल्यावर पुन्हा बालवाडीत!

कुशानं पुसलं, फिनेल टाकलं, वरून गोमूत्र शिंपडलं. घर शुद्ध झालं.

५ नोव्हेंबर

त्याच जागी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

त्याच जागी. टेप लावून मोजलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. आमचे ड्रायव्हर इतक्या नेमकेपणानं फलाटाला गाडी लावत असते, तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

कुशानं गोमूत्र वाढवलंय. आधी पळीनं, आता तांब्यानं. गोकुळच्या गाईचं रोज बाटलीभर येतं. गोकुळ विचारतो, "मावशीनं येखादं व्रत धरलंय का?"

८ नोव्हेंबर, शनिवार

अमृत फोनवर व्हिडिओ बघून शहाणा झाला. कुत्र्याचं नाक त्यात घासायचं म्हणे, मग ते सुधारतं. वृषाली मधे पडली. "तुमचं घासू का आधी?" अमृत बेचाळीस वर्षांचा आहे, मंचरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, गावात मान आहे. पण बायकोपुढं त्याचा आवाज निघत नाही. हा गुण माझ्याकडून आला नाही.

दुसरा व्हिडिओ लागला. त्यातली बाई म्हणाली, कुत्र्याला मानसिक धक्का बसलेला असतो. अमृत ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवत होता आणि तेवढ्यात चेकरनं देवघरापाशी आपला मानसिक धक्का मोकळा केला!

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटी माणसं मलाच शरण आली. आली म्हणजे काय, मीच म्हणालो की बाजूला व्हा. भीमाशंकर, तळेघर, आहुपे — घाटातल्या गाड्या ज्यानं वेळेवर सोडल्या, त्याला एका कुत्र्याची गाडी सोडता येणार नाही?

पुठ्ठ्यावर वेळापत्रक केलं. सकाळी ७.०५, दुपारी १२.३०, ४.००, शेवटची फेरी ५.४५. मुक्काम घरी. भिंतीवर चिकटवलं. वृषालीनं वाचलं आणि पदरानं तोंड झाकलं. हसू दे.

शिट्टी पण शोधून काढली, गाडी मागं घेताना वाजवायचो ती. बाभळीपाशी नेलं की शिट्टी. त्यानं केलं की शेंगदाणा. कुत्र्याला घड्याळ कळत नाही, शिट्टी कळते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यश! शिट्टी वाजली की पाय वर. अर्ध्या सेकंदाचा फरक नाही. दोन दिवस देवघर कोरडं. कुशा म्हणते, "गोमूत्राचा गुण." मी म्हणतो, शिस्तीचा गुण. तेहतीस वर्षं माणसांना शिस्त लावायला बघत होतो. चुकीच्या प्राण्याच्या मागं लागलो होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

अमृत टीव्हीवर कबड्डी बघत होता. चेकर माझ्या पायाशी. सामना सुरू झाला, पंचानं शिट्टी मारली. चेकर उठला. माझ्याकडं बघितलं, शहाण्या मुलासारखं. टीव्हीच्या टेबलापाशी गेला आणि पाय वर केला.

दुसरी शिट्टी. दुसरा पाय.

कबड्डीत चाळीस मिनिटांत किती शिट्ट्या असतात हे मला आज कळलं. अमृतला टीव्ही बंद करायचं सुचेना, तो चढाई बघत होता! कुशा तांब्या घेऊन धावली. वृषाली हसून हसून जमिनीवर बसली, आणि उठली ती ओल्यातून उठली.

कुत्र्याची काही चूक नाही. हुकूम पाळला बिचाऱ्यानं. हे मी घरात बोललो नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सत्तार आला होता. माझ्या कंडक्टरकीच्या दिवसांतला ड्रायव्हर, जुन्नर–भीमाशंकर आम्ही सहा वर्षं एकत्र केलं. पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून एसटीत फुकट फिरतो आणि दर गावात चहा पितो.

एका चहात तीनदा उठला. तिसऱ्यांदा परत आला आणि वृषाली समोर असताना, हातात कप घेऊन, खुशाल म्हणाला, "माफ कर पोरी, टाकी गळतीये आमची. प्रोस्टेट. दोनदा तर गादीच भिजली, यार. कमरजहाँला सांगून टाकलं सरळ. तिनं रबरी चादर टाकली. संपला विषय."

मी छताकडं बघत होतो. काय माणूस आहे! सुनेसमोर! आणि वर मलाच विचारतो, "तुझं कसं काय, कंट्रोलर? बहात्तर झालं ना?"

"ठणठणीत," म्हणालो.

काही लोकांना देवानं लाज द्यायची राहून जाते. गाडी मात्र झकास चालवायचा.

जाताना म्हणाला, "कुत्र्याला मनालकडं ने." मनाल म्हणजे त्याची धाकटी, मंचरला जनावरांची डॉक्टर आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, येताना लघवीचा नमुना आणा. चेकरचा. आता सांगा, कसा घ्यायचा? सकाळी सव्वासातला बाभळीपाशी चौघं. मी शिट्टीवर, अमृत साखळीवर, वृषालीच्या हातात वरणाचा डाव. कुशा ओट्यावरून ओरडतेय, "माजा डाव नका घिऊ गं!" घेतला. पहिल्या शिट्टीला मिळाला. डाव आता गोठ्यात ठेवलाय, कुशा घरात घेईना.

मनाल चांगली आहे. बोलते बापासारखी, पण वेळ बघून. तपासलं, नमुना बघितला. जनावर निरोगी, म्हणाली.

"काका, जागा पुसता कशानं?"

वृषालीनं सांगितलं. आधी पाणी, मग फिनेल, मग सासूबाई गोमूत्र शिंपडतात.

मनालनं पेन खाली ठेवलं. "त्याच जागी? रोज?"

"रोज. आता तांब्याभर."

तिनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "काका, गोमूत्राला माझं काही म्हणणं नाही. देवघरात शिंपडा. पण त्या जागी नको. त्याला पावित्र्य कळत नाही, वास कळतो. त्याला वाटतंय, रोज कुणीतरी दुसरं जनावर घरात येऊन त्याच्या जागेवर करून जातंय. मग तो उत्तर देतोय."

पंधरा दिवस! पंधरा दिवस आमची कुशा आणि चेकर एकमेकांना उत्तरं देत होते. मलासुद्धा हसू आवरेना.

मग म्हणाली, सहा ते सात म्हणजे तेरा तास होतात. जेवल्यावर ताक पाजता, मग धरणार कसं? "तुम्ही धराल का तेरा तास, काका?"

हा काय प्रश्न झाला?

औषध काही नाही. त्या जागा व्हिनेगर आणि पाण्यानं धुवायच्या. ताक-पाणी साडेपाचच्या आत. जेवणानंतर आठला एक फेरी, पण कुंपणाच्या आत, दारापासून दहा पावलांवर, दोघांनी, बॅटरी घेऊन. रागवायचं नाही. योग्य जागी केलं की कौतुक करायचं. आणि शिट्टी बंद.

शिट्टीचं कौतुक तिनंही केलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज एकदा सांडलं, उंबऱ्यापाशीच. कुणी रागावलं नाही. व्हिनेगरनं धुतलं. घराला लोणच्याचा वास.

कुशाला कुणी सांगायचं यावर काल रात्रभर चर्चा. शेवटी वृषालीनं सांगितलं. कुशानं गोमूत्राची बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "म्हंजी मीच शिकवलं व्हय त्याला?" आणि बाटली नेऊन देवघरातल्या फळीवर ठेवली, पार वर. बाई रागीट आहे, पण खोटी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस कोरडे! रात्री आठला आमची वरात निघते. अमृतच्या हातात काठी, वृषालीच्या हातात बॅटरी, मी दारात उभा राहून देखरेख. चेकरनं केलं की तिघं टाळ्या वाजवतो. गोकुळच्या घरातून आवाज येतो, "झाली का?" पाच घरांच्या वस्तीला आता आमच्या कुत्र्याच्या लघवीची बातमी लागते.

चेकर माझ्याच खोलीत झोपतो, पलंगाच्या खाली. घोरतो. कुशा गुडघ्यांमुळं मोरीजवळच्या आतल्या खोलीत असते, म्हणून इतकी वर्षं मी एकटा होतो इथं. आता मी कूस बदलली की खाली शेपूट एकदा आपटते.

आज दवाखान्यात गेलो होतो. बीपी जास्त. डॉक्टरनं गोळी बदलली. ही पाण्याची गोळी म्हणे, लघवीवाटे पाणी काढते, सकाळी घ्या. सकाळी माझं फिरणं असतं, पारावर बसणं असतं. चार माणसांतून सारखं कोण उठणार सत्तारसारखं? रात्री जेवणानंतर घेतो. गोळीला काय घड्याळ कळतंय!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पलंगापाशी ओलं. कुशा चहा घेऊन आली, तिनं आधी बघितलं. मग चेकरकडं बघितलं.

"आलं परत!"

चेकर शेपूट हलवत होता. मी चहा घेतला.

२ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा पलंगापाशी. अमृत म्हणतो, मनालला फोन कर. केला. ती म्हणाली, मोठ्या कुत्र्यांत सुधारणा होऊन पुन्हा बिघडतं कधीकधी, धीर धरा. आठच्या फेरीला करतो का? करतो, वृषाली म्हणाली. भरपूर करतो.

"मग कमाल आहे," मनाल म्हणाली.

वृषाली व्हिनेगर घेऊन बसली. पुसता पुसता म्हणाली, "आबा, ही जागा त्याची नाही. तो तर देवघरापाशी करायचा."

म्हणालो, कुत्र्याच्या मनातलं कुणी सांगावं.

४ डिसेंबर, गुरुवार

आणि नेमका मार्गशीर्षातला गुरुवार! कुशाचा घट मांडायचा दिवस. ती पहाटे न्हाऊन फुलं घेऊन माझ्या खोलीतून जायला निघाली आणि तिचा पाय पडला. फुलं, बाई, पाय, सगळं ओलं. पुन्हा आंघोळ. पाणी गार.

एवढं बोलली चेकरला! सात पिढ्या काढल्या त्याच्या. तो कोपऱ्यात जाऊन बसला, एक कान पडलेला, दुसरापण पाडून. मी पेपर वाचत होतो. पान उलटंच होतं, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज वृषालीनं मर्यादा सोडली.

शाळेत निघताना — ती मंचरच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांनाच पहिलीतली समजते — दार लोटून माझ्या खोलीत आली. हळू आवाजात म्हणाली, "आबा, मोरी लांब पडते तुम्हाला. रात्री लाईट चालू ठेवत जा. पलंगाखाली एक झाकणाची बादली ठेवू का? कुणाला कळायचं नाही. मी सकाळी नेईन."

बादली! मला! ज्याच्या शिट्टीवर मंचर स्टँड थांबायचं, त्याला बादली!

म्हणालो, "कुत्र्याला ठेव बादली. त्याला गरज आहे."

ती म्हणाली, "बरं आबा." गेली.

शिकलेल्या सुनांचं हेच. पुस्तकात वाचतात, म्हातारे असे असतात, आणि मग घरात म्हातारा शोधत फिरतात. मी बहात्तरचा आहे, पण म्हातारा नाही. पहाटे उठायला जरा उशीर होतो, तो गुडघ्यामुळं.

७ डिसेंबर, रविवार

कुशानं आज निकाल मागितला. "कुत्रं घरात ऱ्हाईल न्हाई तर मी. पुढच्या गुरवारी घट आसंल तवा मला घर सवळं पायजे."

अमृत म्हणाला, गोठ्यात बांधू. गोठ्याला तीन बाजूंनी भिंत आहे, समोरून उघडा. जाळीचा दरवाजा करून घेतो म्हणाला, वेल्डरला सांगतो, येत्या रविवारपर्यंत बसेल.

"मग रविवारपासून बांधा," वृषाली म्हणाली. "दरवाजा बसू दे आधी. काळ्याचं काय झालं विसरलात का?"

"घरापसनं वीस पावलं हाय गोठा. लाईट ठिवू. एवढा काय येतोय बिबट्या दारात," अमृत म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मग वृषाली माझ्याकडं वळली. सगळेच वळले. "आबा, तुम्ही सांगा. तो तुमच्या खोलीत असतो. तुम्ही म्हणालात की तो नाही करत, तर तो घरात राहील."

चेकर माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला होता.

म्हणालो, "शिस्त म्हणजे शिस्त. बाहेर."

वृषाली उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जोरात आपटली. आपटू दे.

८ डिसेंबर, सोमवार

पावणेसहाला मीच बांधला. दुसऱ्या कुणी हात लावला नाही. बाभळीपाशी नेलं, त्यानं शहाण्यासारखं केलं. मग सवयीनं घराच्या दाराकडं निघाला. ओढून गोठ्यात आणला. पोतं टाकलं, साखळी खुंट्याला दोन वेढे देऊन अडकवली. पट्ट्यातून मान निघू नये म्हणून एक भोक आत घेतलं.

दाराला कडी घालेपर्यंत एकदाही भुंकला नाही. भुंकला असता तर बरं झालं असतं.

गोळी घ्यायची विसरलो.

९ डिसेंबर, मंगळवार

घ्या! सातला कडी काढली, साहेब शेपूट हलवत हजर. काय झालं? काही झालं नाही! वृषालीच्या डोळ्यांखाली काळं, उगाच जागली पोरगी. आणि माझी खोली कोरडी ठणठणीत. कुशानं मुद्दाम येऊन फरशीवर हात फिरवला. "बगा! कुत्रंच व्हतं."

अमृत म्हणाला, "आबांचं बरूबर निघालं."

 वृषालीनं माझ्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, मोजलं, परत ठेवलं. मास्तरीण.

१० डिसेंबर

कोरडं. गोळी कालही विसरलो. आजही विसरेन. दुपारी चारनंतर पाणीही नको वाटतं. डोकं जड आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

घट झाला. घर सोवळं. कुशा खूश, पुरणपोळी केली. संध्याकाळी अर्धी मी चेकरला घेऊन गेलो. त्यानं खाल्ली नाही, हात चाटला. रविवारी दरवाजा बसतोय. तीनच दिवस राहिलेत, सांगितलं त्याला.

पलंगावर कूस बदलली की खाली काही आपटत नाही. झोप लागत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चेकर गेला.

पहाटे एकदाच आवाज आला, भुंकण्याचा नाही, किंचाळण्याचा. अमृत काठी घेऊन पळाला, मी मागून. लाईट चालू होता. पोतं होतं. साखळी होती, खुंट्याला दोन वेढे, मी घातलेले. पट्टा तुटला होता, भोकापाशी. बांधाच्या दिशेनं रक्त.

मोकळा असता तर पळाला असता. बांधलेला कुठं पळणार?

कुशा पायरीवर बसून रडली. "माज्या सवळ्यापायी गेलं गं ते." वृषालीनं तिला धरलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. बघावं असं वाटत होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

चक्कर आली. बीपी फार वाढलंय. डॉक्टर ओरडला, गोळ्या बंद कशा केल्या? अमृतनं रात्री समोर उभं राहून गोळी दिली.

गोकुळ भेटायला आला होता. पट्ट्याबद्दल काही बोलला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वेल्डर जाळीचा दरवाजा घेऊन आला. अमृत म्हणाला, आणलाय तर बसवून टाक. बसवला. छान बसलाय.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पलंगापाशी ओलं होतं. त्याच जागी.

वृषाली फडकं घेऊन आली आणि खाली बसली. म्हणालो, "वृषाली, हे माझंय."

"माहितीये, आबा."

"आधीचंपण."

"तेही माहितीये. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

ती पुसत राहिली. मी पाय वर घेऊन बसलो होतो, आणि मला तिच्यासमोर रडू आलं.

२१ नोव्हेंबरपासून चेकरनं घरात एक थेंब सांडला नव्हता. कुठंतरी नोंद असावी म्हणून लिहिलं.